संग्रहालयाच्या शिक्षण विभागात उमेदवारी : अर्जापासून सर्टिफिकेटपर्यंत

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे अभ्यासक्रमातलंच प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) आल्यापासून इतिहास, पुरातत्त्व आणि भारतविद्येची मुलं एकच प्रश्न घेऊन येतात : संग्रहालयात इंटर्नशिप मिळेल का, आणि मिळालीच तर तिथं नेमकं करायचं काय? मी मुंबईतल्या एका इतिहास संग्रहालयाच्या शिक्षण आणि जनकार्यक्रम विभागात उमेदवारी केली. पुढे नव्या इंटर्नना काम समजावून देण्याची जबाबदारीही माझ्याकडेच आली. त्यामुळे माणसं कुठं अडखळतात ते दोन्ही बाजूंनी बघितलंय. संग्रहालय कुठलंही असो, खालच्या बऱ्याचशा गोष्टी लागू पडतील.

१. काम कशाचं आहे ते आधी समजून घ्या

तलवारी हातात घ्यायच्या, ताम्रपट वाचायचे, गोदामातल्या पेट्या उघडायच्या, असं चित्र डोक्यात असेल तर ते आत्ताच पुसा. ते काम क्युरेटरचं, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या तज्ज्ञाचं, आणि जतन विभागाचं. शिक्षण विभागाचा संबंध वस्तूंपेक्षा येणाऱ्या माणसांशी जास्त. शाळांच्या भेटी, शिक्षकांसाठी कार्यशाळा, मुलांच्या वर्कशीट, सुट्टीतली शिबिरं हा त्यातला शिक्षणाचा भाग. व्याख्यानं, क्युरेटरसोबतची दालनफेरी, हेरिटेज वॉक, १८ मेचा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह हा जनकार्यक्रमांचा.

यातलं निम्मं काम इतिहासाचं नसतं हे आधीच सांगतो. फोन करणं, याद्या बनवणं, खुर्च्या मोजणं, शाळेची बस कुठं थांबणार ते वॉचमनला सांगणं. याचा कंटाळा येणार असेल तर संशोधन किंवा नोंदणी विभागात अर्ज करा, तिथंही इंटर्न लागतात. पण अनोळखी चाळीस मुलांसमोर उभं राहून त्यांना एका दगडाकडे टक लावून बघायला लावण्यात तुम्हाला मजा वाटत असेल, तर जागा हीच.

२. संग्रहालय निवडा, आणि निवडण्याआधी तिथं जाऊन या

मुंबईत बहुतेकांची पहिली उडी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे असते. मोठा संग्रह, मुलांसाठी वेगळं बालसंग्रहालय, गावोगाव फिरणारी संग्रहालयाची बस, म्हणजे शिकायला भरपूर. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुलं झालं. मुंबई शहर आणि तिथले लोक हा त्याचा गाभा. शहराचा इतिहास सांगायला आवडत असेल तर तिथं रमाल. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे : दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, वाद्यं, सगळं घरगुती वापरातलं. लहान मुलांशी बोलायला यापेक्षा सोपा संग्रह मला तरी माहीत नाही, कारण बहुतेक वस्तूंचा धाकटा भाऊ त्यांच्या आजीच्या घरात असतोच. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ पासूनचं. याशिवाय राज्य पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या हाताखाली जिल्ह्याजिल्ह्यांत संग्रहालयं आहेत, त्यांच्याकडे कोणी वळत नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या उमेदवारीला छोटं संग्रहालय बरं. मोठ्या ठिकाणी कामाची विभागणी झालेली असते, तुमच्या वाट्याला त्यातला एक तुकडा येतो. छोट्या ठिकाणी माणसंच कमी, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात तुम्ही एकटे गट सांभाळत असता. मात्र तिथं शिकवणारा वरिष्ठ कोणी आहे का, हे आधी विचारून घ्या. नाहीतर महिनाभर तिकीटखिडकीवर बसवतील.

अर्ज करण्याआधी दोनदा जाऊन या : एकदा आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी, शाळा येतात तेव्हा, आणि एकदा रविवारी दुपारी, कुटुंबं येतात तेव्हा. लोक कुठं थांबतात, कुठून सरळ पुढं जातात, मुलं काय विचारतात आणि आईबाप काय ठोकून देतात, हे वहीत लिहा. पुढे अर्जात हेच उपयोगी पडेल. जाण्याआधी सुट्टीचा वार बघा. भाऊ दाजी लाड बुधवारी बंद असतं, बरीचशी सरकारी संग्रहालयं सोमवारी.

३. वेळ साधा

शाळांच्या भेटींचा हंगाम दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होतो आणि फेब्रुवारीपर्यंत चालतो. मग परीक्षा. एप्रिल-मे उन्हाळी शिबिरांचे. जून-जुलै पावसामुळे थंड, पण वर्कशीट तयार करणं, जुन्या कार्यक्रमांच्या फायली लावणं अशी कामं तेव्हाच निघतात. गर्दीतलं काम शिकायचं असेल तर हंगामाच्या दोन-तीन महिने आधी अर्ज करा. ओजेटीच्या तारखा कॉलेज ठरवतं आणि त्या नेमक्या शांत महिन्यात पडू शकतात. तसं असेल तर संग्रहालयातल्या विभागप्रमुखांना स्पष्ट विचारा, 'या काळात शाळा येतात का?' येत नसतील तर तासांमध्ये रविवार धरून मिळतात का ते बघा.

४. कागदपत्रं आणि अर्ज

हे एका फोल्डरमध्ये आणि पीडीएफमध्ये तयार ठेवा :

- एक पानी बायोडेटा (शाळेतल्या चित्रकला स्पर्धेतलं बक्षीस नको, मुलांना शिकवल्याचा, एनएसएसचा, नाटकाचा अनुभव हवा)
- हेतुपत्र, एक पान
- कॉलेजचं शिफारसपत्र किंवा ना-हरकत पत्र, विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्यासह
- बोनाफाइड आणि ओळखपत्राची प्रत, पासपोर्ट आकाराचे फोटो
- ओजेटी असेल तर विद्यापीठाचा नमुना अर्ज, किती तास भरायचे आणि कोणाची सही लागते ते ठळक करून
- लेखनाचा एक नमुना : त्याच संग्रहालयातल्या एका वस्तूवर शंभर-दीडशे शब्द, बारा वर्षांच्या मुलाला कळतील असे
- स्टायपेंड असेल तर बँकेचा तपशील

शेवटून दुसरा मुद्दा कोणी मागत नाही, तरी पाठवा. 'मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे' आणि 'मी अमुक इतके गड सर केले आहेत' या दोन वाक्यांनी सुरू होणारे अर्ज ढिगानं येतात. आवड आहे हे गृहीतच असतं, म्हणून तर अर्ज केलात. त्याऐवजी असं काहीतरी लिहा : 'तुमच्या शस्त्रदालनात रविवारी मुलं ढालींसमोर थांबतात, पण पाटी इंग्रजीत असल्यामुळे पालक वाचून सांगू शकत नाहीत. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी या दालनाची वर्कशीट करायला मला आवडेल.' एवढ्यात वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही येऊन गेला आहात, डोळे उघडे ठेवले होते आणि काय करायचं ते तुम्हाला ठाऊक आहे.

मराठीत सहज बोलता-लिहिता येतं हे ठळक लिहायला लाजू नका. मुंबईच्या संग्रहालयांत इंग्रजीत बोलणारे इंटर्न पुष्कळ मिळतात. पालिकेच्या शाळेतल्या सहावीच्या वर्गासमोर उभं राहायला माणूस शोधावा लागतो.

इथं पडणारे खड्डे : एकच मेल पाच ठिकाणी पाठवताना दुसऱ्या संग्रहालयाचं नाव तसंच राहणं (हे दरवर्षी होतं), फाइलीचं नाव 'नवीन बायोडेटा फायनल २' असणं, उत्तर आलं नाही म्हणून गप्प बसणं. आठ-दहा दिवसांनी एक नम्र आठवण पाठवा, मग दुपारच्या वेळी फोन करा. सरकारी संग्रहालयात मेलवर भिस्त ठेवू नका. पत्र घेऊन स्वतः जा, आवक नोंदवहीत नोंदवून पोच घ्या.

पैशांबद्दल निवड झाल्या झाल्या विचारा. बऱ्याच ठिकाणी स्टायपेंड नसतो, काही ठिकाणी प्रवासखर्चापुरता मिळतो. बदलापूरहून किंवा विरारहून रोज यायचं तर हा प्रश्न गौण नाही, आणि तो विचारल्यामुळे कोणी तुम्हाला कमी लेखत असेल तर तिथं न जाणंच बरं.

५. मुलाखत

बहुधा ती टेबलाशी सुरू होते आणि दालनात संपते. एखाद्या वस्तूसमोर नेऊन विचारतात, 'ही आठवीच्या मुलांना कशी दाखवशील?' तुम्हाला सनावळी किती येते हे त्यांना बघायचं नसतं. त्या वस्तूबद्दल काहीच ठाऊक नसेल तर तसं सांगा आणि मुलांना कोणते प्रश्न विचाराल ते बोला. थापा मारलेल्या लगेच पकडल्या जातात, कारण समोरचा माणूस त्या वस्तूजवळून रोज जातो.

६. पहिला आठवडा : इमारत पाठ करा

वस्तू नंतर. आधी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, रॅम्प, लिफ्ट, प्रथमोपचार पेटी, डबे खायची जागा, बस थांबायची जागा. मुलं पहिल्या पाच मिनिटांत हेच विचारतात.

दालनांतल्या रखवालदारांशी आणि मामा-मावशींशी ओळख करून घ्या. कुठल्या काचेवर मुलं नाक टेकवतात, कुठल्या पायरीवर सगळे ठेचकाळतात, कुठल्या मूर्तीसमोर लोक पैसे ठेवतात, हे त्यांच्याइतकं क्युरेटरलाही माहीत नसतं. गट आणण्याआधी त्यांना सांगून ठेवलंत तर तुमची दहा कामं सोपी होतील.

नियमही याच आठवड्यात अंगवळणी पाडा. दालनात पेन काढायचं नाही, फक्त पेन्सिल. पाठीवरची सॅक बाहेर. फ्लॅश बंद. वस्तूला हात लावायचा नाही, 'मी इथला आहे' म्हणूनसुद्धा नाही. हाताळायला दिलेली प्रतिकृतीसुद्धा कानाला किंवा दांड्याला धरून उचलू नका, दोन्ही हातांनी तळाशी धरा. मुलं तुमचं बघून शिकतात. लघुचित्रांच्या किंवा वस्त्रांच्या दालनात 'इथं एवढा अंधार का?' हा प्रश्न हमखास येतो. उत्तर तयार असू द्या : प्रकाशानं रंग उडतात आणि धागा कमजोर होतो, ते नुकसान भरून येत नाही, म्हणून अशा वस्तूंवरचा उजेड साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात. मुलांना सांगताना घरातल्या खिडकीशी लावलेल्या पडद्याची एक बाजू कशी फिकी पडते ते आठवायला सांगा, लगेच पटतं.

७. शाळेची भेट : खरं काम इथं आहे

आदल्या दिवशी शिक्षकांना फोन करा. इयत्ता कुठली, मुलं किती, माध्यम कुठलं, कोणी व्हीलचेअरवर आहे का, कोणाला कमी दिसतं किंवा ऐकू येतं का, डबा आधी की नंतर. आणि सध्या इतिहासात कुठला धडा चालू आहे. राज्य मंडळाची पुस्तकं एकदा चाळून ठेवा : चौथीला शिवछत्रपती, सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुग आणि मराठे, आठवीला आधुनिक भारत, दहावीला तर उपयोजित इतिहास आणि ऐतिहासिक ठेव्यांचं जतन हेच विषय. मूल पुस्तकात वाचलेली गोष्ट प्रत्यक्ष बघतं तेव्हा त्याचा चेहरा बदलतो, पण तुम्हाला ती गोष्ट कुठल्या पानावर आहे ते माहीत असेल तरच.

चाळीस मुलं एकत्र फिरवू नका. पंधरापेक्षा मोठा गट झाला की मागची मुलं फक्त पुढच्यांची डोकी बघतात. गट पाडा, प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक हवाच. तासाभरात तीन किंवा चार वस्तू घ्या. 'सगळं बघून होईल ना?' असं शिक्षक विचारतील. नाही होणार, असं हसून सांगा.

आता एका वस्तूसमोर नक्की काय करायचं? वीरगळ घेऊ, कारण तो आपल्याकडच्या बऱ्याच संग्रहालयांच्या आवारात असतो आणि मुलांनी गावाकडे मारुतीच्या देवळापाशी, शेंदूर फासलेला किंवा कोणी बसायला घेतलेला, पाहिलेला असतो. नवा इंटर्न इथं पोहोचला की सुरू करतो, 'मुलांनो, हा वीरगळ. युद्धात मेलेल्या वीराचं स्मारक. शिलाहार, यादव काळात...' झालं, खेळ संपला. आता मुलांना बघायचं काही कारणच उरलं नाही.

असं करा. गटाला दगडासमोर बसवा आणि एक मिनिट काही बोलू नका. मग विचारा, 'काय काय दिसतंय?' हा काय आहे, हे विचारायचं नाही. फक्त काय दिसतंय. माणसं, गाय, तलवार, झोपलेला माणूस, घोडा, पिंड, चंद्र. प्रत्येक उत्तर घ्या, चूक-बरोबर म्हणू नका. नंतर विचारा, 'ही चित्रं वरून वाचायची की खालून?' इथं भांडण लागतं, लागू द्या. कोणीतरी म्हणतं, खाली तो मेलाय आणि वर पूजा करतोय, मग खालूनच. हे त्यांनी स्वतः शोधलं. आता तुम्ही बोला : तळाच्या कप्प्यात लढाई आणि पडलेला वीर, मधल्यात अप्सरा त्याला वर नेतात, वरच्यात तो शिवलिंगाची पूजा करतो. गाई कोरल्या असतील तर गावाची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना तो गेला. मग शेवटचा प्रश्न : 'अगदी वर चंद्रसूर्य कशाला?' अंदाज येऊ द्या. जोवर चंद्रसूर्य आहेत तोवर याची आठवण राहावी, हे सांगितलं की गट गप्प होतो. लगेच कोणीतरी विचारतं, 'मग याचं नाव काय होतं?' बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. तसंच सांगा. शेजारी सतीशिळा असेल, कोपरात वाकवलेला बांगड्यांचा हात असलेली, तर मोठ्या मुलांबरोबर तिथंही थांबा, चौथीच्या मुलांबरोबर थांबायची घाई नको.

अशा तीन वस्तू तयार असल्या की हंगाम निघतो.

अवघड प्रश्न येणारच. 'ही किती रुपयांची?' हा सर्वांत सोपा. 'ही तलवार खरंच महाराजांची आहे का?' हा नाजूक. इथं भावनेच्या भरात होकार देऊ नका आणि शहाणपण दाखवायला मुलाचा उत्साहही मारू नका. नोंद काय सांगते तेवढं बोला. चांगलं उदाहरण वाघनखांचं आहे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं काही काळासाठी साताऱ्याच्या संग्रहालयात आली. ती पूर्वी साताऱ्याचा ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडे होती, हे नोंदीत आहे. १६५९ साली अफजलखानाच्या भेटीत वापरलेली हीच का, याची खात्री करता येत नाही, असं त्या लंडनच्या संग्रहालयानंच म्हटलेलं आहे. दोन्ही वाक्यं मुलांना सांगा आणि विचारा, 'खात्री करायला आपल्याला काय मिळायला हवं?' आठवी-नववीची मुलं यावर तुमच्यापेक्षा चांगली उत्तरं देतात. जात, धर्म यांवरून वाद पेटेल असं काही मोठ्या माणसांनी विचारलं तर वरिष्ठांना बोलवा. तिथं एकट्यानं शौर्य दाखवायची गरज नाही.

८. वर्कशीट बनवताना

एक पान, पाच-सहा प्रश्न, अक्षर मोठं. पाटीवरून उतरवून काढता येईल असा एकही प्रश्न नको. 'ही मूर्ती कोणत्या शतकातली?' असं विचारलं की मुलं मूर्तीकडे पाठ करून पाटी वाचत बसतात. त्याऐवजी : 'या मूर्तीच्या हातांत काय काय आहे, मोजा', 'यातलं कुठलं भांडं तुमच्या घरी चालेल आणि कशासाठी?', 'अर्धं चित्र दिलं आहे, उरलेलं बघून पूर्ण करा'. छापण्याआधी वॉचमनच्या किंवा शेजारच्या एखाद्या मुलाला सोडवायला द्या. जिथं तो 'म्हणजे काय?' म्हणतो, तो प्रश्न बदला. युनिकोडमध्येच टाइप करा, नाहीतर तो फाँट नसलेल्या संगणकावर अक्षरं बिघडतात. पेन्सिली मोजून द्या आणि मोजून घ्या.

९. व्याख्यानं, वॉक आणि बाकीचे कार्यक्रम

इथं मिनिटामिनिटाचा कागद लागतो : कोण, कुठं, किती वाजता, कोणाचा फोन. वक्त्याची स्लाइड आदल्या दिवशी मागा, तरी ते पेनड्राइव्ह घेऊन येतात, म्हणून लॅपटॉपचा अडॅप्टर जवळ ठेवा. माइक स्वतः बोलून तपासा. मोफत कार्यक्रमाला नावं नोंदवणारे सगळे येत नाहीत, त्यामुळे खुर्च्यांच्या आकड्याला नोंदणी थांबवू नका. उलट वृत्तपत्रात दोन ओळी आल्या तर नोंदणी न केलेले ज्येष्ठ नागरिक अर्धा तास आधी हजर असतात, पुढच्या रांगेत. त्यांची सोय आधी.

वॉक असेल तर त्याच वारी, त्याच वेळी वाट चालून बघा : सावली कुठं, बसायला कुठं, स्वच्छतागृह कुठं. आणि मुंबईत रविवारचा वॉक ठरवण्याआधी मेगाब्लॉक बघा.

१०. मुलांचे फोटो

प्रत्येक संग्रहालयाला सोशल मीडियासाठी फोटो हवे असतात आणि ते काम इंटर्नवर येतं. मुलांचे चेहरे शाळेच्या आणि पालकांच्या लेखी परवानगीशिवाय टाकायचे नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं आहे. परवानगी नसेल तर पाठमोरे किंवा नुसत्या हातांचे फोटो काढा. स्वतःच्या इन्स्टावर तर मुळीच नको. आणि कुठल्याही मुलाबरोबर एकटं राहू नका, स्वच्छतागृहापर्यंत सोडायलासुद्धा शिक्षकांना पाठवा.

११. निघताना

रोजची डायरी ठेवली असेल तर शेवटचा अहवाल एका संध्याकाळी होतो. किती शाळा, कुठली इयत्ता, मुलांनी काय विचारलं, कुठल्या वस्तूपाशी रंगले, कुठं जांभया आल्या. विद्यापीठाच्या अर्जावरच्या सह्या शेवटच्या दिवसावर ठेवू नका. सही करणारे साहेब नेमके दौऱ्यावर असतात. सर्टिफिकेटवर तारखा, एकूण तास आणि तुम्ही केलेल्या कामाचा स्पष्ट उल्लेख मागा, 'यशस्वीरीत्या पूर्ण केले' एवढ्यानं पुढे काही उपयोग होत नाही. तुम्ही बनवलेल्या वर्कशीट स्वतःच्या कामाच्या फाइलमध्ये लावायच्या असतील तर लेखी परवानगी घ्या, कारण त्यांवर हक्क बहुधा संग्रहालयाचा असतो.

पुढे याच वाटेनं जायचं ठरवलंत तर संग्रहालयशास्त्राचं रीतसर शिक्षण घ्या. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विभाग १९५२ पासून आहे, आणि मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातच पदव्युत्तर पदविका करता येते. प्रवेशाच्या वेळी डायरी मागितली नाही तरी बरोबर न्या.